पाच टाक आणि घुगरी

पहिल्या भेटीतच पंचफुलाने हिरासिंगच्या हातातली वही हिसकून घेतली होती. प्रेमाच्या गोष्टी नजरानजर होऊन सुरू होतात म्हणे. ही मात्र हिसकाहिसकीने सुरू झाली, त्याला कोण काय करणार?

१९६३ च्या जानेवारीतला रविवार होता. यवतमाळात कापसाचा हंगाम भरात असला, की जिनामागच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीमागच्या, वस्तीत दिवसभर रुई उडते. छपरांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, म्हशीच्या पाठीवर, माणसांच्या भुवयांवर... हलकी, पांढरी, न वितळणारी. पंचफुलाचे आई-बाबा दोघेही जिनात कामाला गेले होते. ती नळावरून घागर घेऊन परतली तर अंगणातल्या बाजेवर एक उंच, सावळा मुलगा बसलेला. पांढराशुभ्र शर्ट, मांडीवर वही. आणि समोर, खाली जमिनीवर, तिची म्हातारी आजी मथुराबाई.

आजी खाली आणि हा वर! तिचं डोकं तिथेच तापलं.

"मंग देव दाखवता का, आजी?" मुलगा तसा अदबीनेच विचारत होता. "पाहून वर्णन लिहाचं हाय."

"देव?" आजी हसली. "पाच टाक होते, बापू. चांदीचे. माह्या सासूनं देलते. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् दुसऱ्याच दिवशी टोपल्यात भरून नदीत सोडून देले. सहा वर्षं झाले त्याले."

"एकही ठेवला नाही?"

"कायले ठेवू?"

मुलाने मान हलवली आणि खाली वाकून लिहिलं. पंचफुला त्याच्या मागे उभी होती. घागरीतलं पाणी हिंदकळून त्याच्या कॉलरवर सांडलं. तो दचकला, पण तोवर तिचं वाचून झालं होतं.

'प्रश्न ११. कुलदैवत : दाखवण्यास नकार.'

"नकार?" ती ओरडली. "नाहीतच, तं दाखवतीन काय?"

"तसं नाही... रकान्यात दोनच जागा हायेत. वर्णन, नाही तं नकार."

"अन् हे? तिसऱ्या प्रश्नात?" तिने वही ओढली. पान अर्धं फाटलं. जातीच्या रकान्यात त्याने जुनं नाव लिहिलं होतं. जे नाव आजीने टाकांबरोबर नदीत सोडलं, ते इथे लिहायचं कारण नाही. पंचफुलाने त्याच्याच पेनाने ते खोडलं आणि कागदाला भोक पडेल इतका दाब देऊन लिहिलं, बौद्ध.

"ते... ते जातीच्या रकान्यात बसत नाही," मुलगा चाचरत म्हणाला. "सर कापतीन."

"कोनते सर?"

मग उलगडा झाला. दोघेही एकाच कॉलेजात होते. ती पहिल्या वर्षाला, तो तिसऱ्या. कॉलेजात त्या साली समाजदर्शन मंडळ निघालं होतं. शहरात आणि शहराच्या आजूबाजूला कोणकोणते लोक राहतात, कसे राहतात, हे विद्यार्थ्यांनी दर रविवारी जाऊन पाहायचं आणि फेब्रुवारीत त्याचं प्रदर्शन भरवायचं. सायक्लोस्टाइल केलेले चाळीस प्रश्न होते. मंडळ चालवणाऱ्या सरांचा नियम असा, की कोणी आपल्याच वस्तीत जायचं नाही. आपल्या माणसांकडे माणूस थंड डोक्याने पाहू शकत नाही.

"तुमचं नाव?" पंचफुलाने वही न देताच विचारलं.

"हिरासिंग. हिरासिंग उत्तमसिंग आडे."

"राहाचं?"

"सरांच्या वसतिगृहात. घर तांड्यावर. नेरच्या रस्त्यानं, सात मैल."

"बंजारा."

"हाव."

"तांड्यावर कोन जानार हाय लिहाले?"

तो घुटमळला. "पहिल्या वर्षाच्या पोरी. येत्या रविवारी."

तिने वही त्याच्या मांडीवर आदळली. "मंग मी येते. पाहून वर्णन लिहाले."

मुलगा गेल्यावर आजी म्हणाली, "चांगला होता व पोरगा. चहा घेतला, कप इसळून ठेवला."

"आजी, तो बाजेवर बसला होता!"

"मीच बसवला. त्याचा पांढरा सदरा होता न."

*

तांडा पंचफुलाला आवडला. याचा तिला अतोनात राग आला.

एका रांगेत पन्नासेक घरं, पलीकडे ओंबीवर आलेला गहू. बायकांच्या फेटियांवर, म्हणजे त्यांच्या घेरदार घागऱ्यांवर, आरसे लावलेले. बाई नुसती वळली तरी भिंतीवर उजेडाचे ठिपके पळायचे. हिरासिंगची आई धनीबाई ठेंगणी, गोल चेहऱ्याची होती. तिने पोरींसमोर भाजलेले हरभऱ्याचे घाटे ओतले. "बेस, छोरी, बेस," म्हणत पंचफुलाला हाताला धरून स्वतःच्या शेजारी बसवलं. ती बोलायला लागली, की तिच्या दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेले चांदीचे झुबके हलायचे. त्यांचे घुंगरू अगदी बारीक वाजायचे.

अंगणाच्या कोपऱ्यात हिरासिंगचे वडील, उत्तमसिंग, अंबाडीचा दोर वळत बसले होते. हिरासिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पंचफुलाने वही उघडली. आवाज मुद्दाम कोरडा केला. त्याला ऐकू जावं म्हणून मोठाही केला.

"प्रश्न तीन. जात, पोटजात. प्रश्न चार. चूल कुठं मांडता? प्रश्न पाच. दारू घरी गाळता का?"

प्रत्येक प्रश्नाला हिरासिंगचा चेहरा एकेक पायरी उतरत होता आणि पंचफुलाच्या छातीत काहीतरी गोड, कडू असं भरत होतं. बस आता तू. ऐक. धनीबाई मात्र मनमोकळी उत्तरं देत होती.

"प्रश्न पंधरा. दागिने. हे कानाजवळचं काय म्हणतात?"

"घुगरी."

"काढून दाखवता का? वजन लिहाचं हाय."

घाटे सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी तोंड फिरवून बसली. धनीबाईचं हसू गेलं नाही, पण ते होतं तिथेच गोठलं.

"हे काढाचं नसते, छोरी," ती हळू म्हणाली. "लग्नात बांधतेत. तो तिथं बसला हाय," तिने नवऱ्याकडे बोट केलं, "तोवर नाही."

कोपऱ्यातून उत्तमसिंग खाकरले. "काढू नको वं बाई! तू घुगरी काढली, का मले मराच लागन. अन् मले सध्या टाइम नाही. गहू उभा हाय."

बायका खळखळून हसल्या. धनीबाईही हसली. पण दारातला माणूस हसला नाही. तो आला आणि पंचफुलाच्या मांडीवरची वही त्याने बंद केली. ओढली नाही, हिसकली नाही. नुसती बंद केली.

रस्त्यापर्यंत सोडायला आला तो पोरींच्या मागून, तिच्या बरोबरीने, दातओठ खात.

"तुले माहीत होतं?"

"नव्हतं."

"माहीत नव्हतं, तं इचाराचं कायले?"

ती गर्रकन वळली. "अन् तुले माहीत होतं, आमचे देव कुठं गेले ते? माह्या आजीनं सांगतल्यावरही नकार लिहिलं तू! म्या निदान तुह्या मायले खोटी नाही पाडलं!"

एक बैलगाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघेही उभेच होते.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय... दोघंही गाढव."

तिला हसू आलं. तिने ते दाबलं, पण नाकातून निसटलंच.

"तुह्या केसात रुई हाय," तो म्हणाला.

"असू दे. आमच्या वस्तीत साऱ्याइच्याच असते. लिही वहीत."

"लिहितो," हिरासिंग म्हणाला. "पाहून वर्णन."

बस आली नसती तर तिने नक्की काहीतरी तिखट उत्तर दिलं असतं. निदान तिची तरी तशी समजूत होती.

*

पुढचे तीन आठवडे ती दोघं कॉलेजच्या वाचनालयात समोरासमोर बसून भांडली. अहवालाच्या मजकुरावर भांडली, तांड्यातला चहा जास्त गोड की वस्तीतला यावर भांडली, आणि एकदा काही कारण नसताना भांडली. त्या दिवशी मात्र दोघांनाही जेवण गेलं नाही. तिसऱ्या रविवारी धनीबाईने मुलाबरोबर निरोप पाठवला, त्या रागीट छोरीला घेऊन ये. पंचफुला गेली, वहीशिवाय. परतली ती धनीबाईचा लाल फेटिया घेऊन. सरांनी प्रदर्शनात बंजारा पोशाख घालून उभं राहायला तिला निवडलं होतं आणि धनीबाईने आपण होऊन स्वतःचा दिला होता.

"घुगरी सोडून सारं नेजो," ती म्हणाली होती.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना हिरासिंगने वाचनालयाच्या टेबलावर कलेक्टरासमोर वाचायचा आपला अहवाल ठेवला. सरांकडून तपासून आलेला. तो स्वतः खिडकीकडे पाहत उभा राहिला.

पंचफुलाने वाचलं. 'बौद्ध' हा शब्द लाल शाईने कापला होता. वर तेच जुनं नाव. आणि त्याखाली, हिरासिंगने 'देव नाहीत' असं जिथे लिहिलं होतं तिथे सरांच्या वळणदार अक्षरात एक नवं वाक्य : 'हे लोक जुने देव घरात लपवून ठेवतात, असे दिसते.'

तिच्या कानांत जिनाचा भोंगा वाजावा तसा आवाज भरला.

"असे दिसते," ती म्हणाली. "कोनाले दिसते? ते आलते का आमच्या घरी? आजीनं टोपलं डोक्यावर घेऊन नदीवर नेलं, सासूच्या हातचे टाक. रडली असन, नसन. कोनाले बोलली नाही. अन् हा माणूस इथं खुर्चीत बसून लिहिते, लपवून ठेवले!"

"म्या सांगतलं त्याईले. ते म्हणे, अभ्यासकानं लोकाइच्या बोलण्यावर जाऊ नये."

"अन् हे तू वाचनार? कलेक्टरासमोर?"

वसतिगृहातली हिरासिंगची जागा सरांच्या हातात होती, फुकट, सरांच्या मर्जीवर. हे तिलाही ठाऊक होतं. ती जागा गेली तर पदवीची परीक्षा दोन महिन्यांवर असताना रोज सात मैल येणं आणि सात मैल जाणं.

"मी तुले काही म्हणत नाही," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. "फक्त एवढं सांगते. आजी येनार हाय ऐकाले. मागच्या रांगेत बसन, पन येनार हाय. तिले मी सांगून ठेवलं, तू चांगलं लिहिलं म्हून."

"पंचफुला—"

"नको बोलू माह्याशी."

तो बोललाही नाही. तीन दिवस. सांगितलेलं शब्दशः पाळणारी माणसं किती वाईट असतात, हे तिला त्या तीन दिवसांत कळलं.

*

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत कलेक्टरसाहेब, त्यांच्या शेजारी सर. अगदी मागे, भिंतीजवळ, मथुराबाई धुवट पांढऱ्या लुगड्यात ताठ बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी पाहून एक ठेंगणी बाई येऊन बसली, तिच्यामागे फेटा बांधलेला नवरा. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण पाचच मिनिटांत धनीबाईच्या पदराची सुपारी मथुराबाईच्या अडकित्त्यात होती.

पंचफुला पडद्याआड उभी होती. अंगावर लाल फेटिया, हातात सरांनी नाटकाच्या पेटीतून काढून दिलेली जर्मन धातूची खोटी घुगरी. "कानाजवळ नीट दिसू द्या," सर बजावून गेले होते. समोर हिरासिंग अहवाल घेऊन उभा राहिला. तिला तो पडद्याच्या फटीतून दिसत होता.

त्याने वस्तीची घरं वाचली, नळ वाचला, जिनातली पाळी वाचली. मग थांबला.

सभागृहात कोणीतरी खोकलं. सरांनी मान वर केली.

"या वस्तीतले लोक बौद्ध आहेत," हिरासिंग म्हणाला. मग कागद खाली ठेवला. "इथं लाल शाईत दुसरं लिहिलेलं आहे. ते मी वाचणार नाही. मी मथुराबाईंच्या घरी गेलो होतो आणि देव दाखवा म्हणालो. त्यांनी सांगितलं, नदीत सोडले. मी लिहिलं, दाखवण्यास नकार. चूक माझी होती. त्यांनी काही लपवलेलं नाही. त्या खरं बोलल्या आणि मी रकाना पाहत बसलो. ज्यांनी आपल्या हातानं पाच टाक सोडले, त्यांचा शब्द मानायला मला कोणाची परवानगी नको."

एवढं बोलून तो खाली उतरला. टाळी कोणीच वाजवली नाही. सर अर्धवट उठले, परत बसले, पडद्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "पुढचा कार्यक्रम! पोशाख!"

पंचफुला बाहेर आली. आरशांचे ठिपके सभागृहाच्या छतावर पळाले. राग मोठा आधार असतो. तो पाठीच्या कण्यासारखा तिच्यात उभा होता.

"हा फेटिया धनीबाई आडे यांनी स्वतः शिवला आहे. एका फेटियाला एक हिवाळा लागतो," ती म्हणाली. मग हातातली जर्मनची जोडी तिने टेबलावर ठेवली. ती पत्र्यासारखी वाजली. "ही घुगरी मी घातली नाही. ही लग्न झालेली बाई घालते आणि नवरा आहे तोवर काढत नाही. मी त्यांच्या अंगणात बसून त्यांना म्हणाले होते, काढून दाखवा, वजन लिहायचं आहे. त्याची मला लाज वाटते. जे दाखवायचं नसतं, ते मागू नये. एवढंच या कार्यक्रमात मी शिकले."

आणि मग मागून, भिंतीजवळून, खणखणीत आवाज आला.

"अन् मी अजून जिता हावो, साहेब!"

कलेक्टरसाहेबांना हसू आवरलं नाही. मग सारं सभागृह हसलं. सर सोडून.

*

संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर, असा हुकूम निघाला. पंचफुलाला हिरासिंग फाटकाशी सापडला. सायकलच्या कॅरिअरला ट्रंक बांधत होता आणि चक्क शीळ घालत होता.

"शिट्टी काय वाजवून राह्यला?" ती म्हणाली. "खोली गेली न?"

"गेली."

"परीक्षा दोन महिन्यावर हाय."

"हाय."

"रोज चौदा मैल सायकल."

"मारू." त्याने दोरीची गाठ आवळली. "तू काहून चिडली? आता तं मी वाचलं न बरोबर?"

"हाव, चिडली! जानेवारीपासून चिडलेलीच हाये मी. सरांवर. त्या लाल शाईवर. तू तीन दिवस बोलला नाही त्याच्यावर—"

"तूच म्हणली, नको बोलू!"

"म्हून नाही बोलाचं? असं असते का?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते अजिबात पुसत नव्हती. "अन् तिथं उभा राहून तू जे बोलला... त्याच्यावर तं सगळ्यात जास्त. मले आधी सांगतलं असतं तं मी तीन रात्री झोपली तरी असती."

हिरासिंग सायकल सोडून तिच्यासमोर आला. फेब्रुवारीचा वारा सुटला होता. जिनाकडून रुईचा एक पुंजका तरंगत आला आणि तिच्या कानशिलाजवळ, केसांत अडकला. त्याने हात उचलला... आणि मध्येच थांबला. न विचारता काही घ्यायचं नाही, हे तोही शिकला होता.

"तुले घुगरी काढताना पाह्याची होती," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता. "ते तं जमत नाही. पण... बांधतात कशी, ते पाह्यशीन?"

तिला समजायला क्षणभर लागलं. समजल्यावर ती इतकी लाल झाली की फेटिया फिका पडावा.

"मले काय इचारतं?" ती फणकारली. "आजीले इचार." मग चार पावलं जाऊन मागे वळली. "अन् येशीन तं... वही आणू नको."

पुढच्या रविवारी तो आला. रिकाम्या हातांनी, धुळीने माखलेला. मथुराबाई बाजेवर बसली होती. तो मुकाट्याने समोर जमिनीवर बसला.

"तुमच्या घरी देव किती?" आजीने विचारलं.

"हायेत चार-पाच."

"माही नात कोन्याच देवाले हात जोडनार नाही."

"नको जोडू. घरी सांगतलं मी."

"मंग? माय काय म्हणे?"

"बाप दोन दिवस बोलला नाही," हिरासिंग खरं तेच सांगत होता. "मायनं रडून घेतलं. मग म्हणे, देवाचं देव पाहीन. छोरी वही घेऊन न आली म्हंजे झालं."

दाराआड पंचफुला केव्हाची उभी होती. तिला ते ऐकवेना, पाहवेना, आणि तिथून हलवेनाही. उन्हात तो सात मैल सायकल मारून आलेला, शर्टाची पाठ भिजलेली, आणि अंगणातल्या तापलेल्या मातीत मांडी घालून बसलेला.

"आजी!" ती आतून रागाने ओरडली. "त्याले बाजेवर तरी बसव!"

"बसू दे खाली," मथुराबाई शांतपणे म्हणाली. "अजून एकोणचाळीस प्रश्न बाकी हायेत."